एनिड ब्लायटन आई म्हणून कशी होती, याने आपल्याला फरक पडावा का?

झोपाळा: रोज रात्री लेकीला (वय ९) इंग्रज बाललेखिका एनिड ब्लायटनची फेमस फाइव्ह ही साहसकथांची मालिका वाचून दाखवते. लहानपणी न खटकलेली गोष्ट पहिल्याच पुस्तकाच्या सुरुवातीला खटकली. आईबाबांना दोघांनाच स्कॉटलंडला जायचंय, म्हणून तिन्ही पोरांची रवानगी क्वेंटिन काकांकडे. तेव्हा वाटलं होतं, काय मज्जा! आता वाटतं, अहो, पोरांना विचारलंत का? पुस्तक १९४२चं. त्याच वर्षी बाईंचा घटस्फोट. धाकटी मुलगी इमोजेनने १९८९मध्ये आठवणी लिहिल्या, त्यात आई उद्धट, असुरक्षित आणि मायेचा लवलेश नसलेली आहे. हे कळल्यापासून पुस्तक हातात घेताना जड जातंय.

कोरडी भाकर: ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. शिवाय थोरल्या जिलियनला आई प्रेमळ, छान सोबतीण वाटायची. ती साक्ष कुठे गेली?

तिखटमीठ: मूळ आपण शोधलं नाही हो, बाईंनीच ते बाटलीत भरून विकलं. १९५२मध्ये मुलांसाठी आत्मचरित्र काढलं. सुखी घर, मुली, कुत्री, फोटो. मुलींचा खरा बाप ह्यू पोलॉक त्यात नाहीच. ह्यूच्या नंतरच्या बायकोने लिहिलंय की, घटस्फोटाचा दोष त्याने अंगावर घेतला तर मुली भेटतील असं ठरलं होतं. दोष घेतला, मुली भेटल्या नाहीत.

कोरडी भाकर: नंतरच्या बायकोची साक्ष! वा. बाईंचे स्वतःचे वडील त्या तेराएक वर्षांच्या असताना घर सोडून गेले, तेही मोजा की. आणि पुरुष लेखक बाप म्हणून कसा होता हे विचारतं का कुणी?

तिखटमीठ: विचारतात. विनी द पू या अस्वलाच्या गोष्टी लिहिणाऱ्या मिल्नच्या मुलाने, ख्रिस्तोफर रॉबिननेच, १९७४मध्ये लिहून ठेवलंय. गोष्टींतला मुलगाही त्याच नावाचा. शाळेत त्या नावावरून पोरं छळायची त्याला. आणि बाप घर सोडून गेल्याचं दुःख ज्या बाईने भोगलं, तिनेच आपल्या मुलींचा बाप तोडावा? मला हेच पचत नाही.

झोपाळा: मला दोघी बहिणी खऱ्या वाटतात. घर एक, वयात चार वर्षांचं अंतर. आमच्याकडे दादाच्या आठवणीतले बाबा पट्टा काढणारे, माझ्या आठवणीतले शनिवारी पुडीतून खारे दाणे आणणारे. दोघंही खोटं बोलत नाही. आणि एक गंमत. क्वेंटिन काका सतत कामात, जरा आवाज झाला की खेकसणार. आज वाचताना वाटलं, हे काका म्हणजे लिहायला बसलेल्या बाई स्वतःच तर नसतील? (पुरावा शून्य.) लेक म्हणाली, "आई, थांबू नकोस, वाच ना."

कोरडी भाकर: हेच म्हणतोय मी. पोरीला गोष्ट हवीय, बाईंची कुंडली नकोय.

तिखटमीठ: झोपाळाताई, एकच विचारते. ते खारे दाणे दादाला मिळायचे का?