रीग्राइंड ग्लास-पीपी: कागदावर मॉडेल पास, लाइनवर नापास. मदत हवी आहे

मंडळी, भोसरीत एका मोल्डिंग कारखान्यात क्वालिटी बघतो. माल 30% ग्लासवालं (काचेचे तंतू घातलेलं) काळं पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक. रनर, स्प्रू (साच्याच्या वाटांत गोठलेलं प्लास्टिक), रिजेक्ट पार्ट सगळं ग्राइंडरमध्ये जातं आणि रीग्राइंड म्हणून नव्या दाण्यात मिसळतं. दर लॉटचे पाच डंबेल (त्या आकाराचे नमुने) मारून यूटीएमवर, म्हणजे ताणून तोडायच्या मशीनवर, ओढायचे, आणि तोवर मशीन उभं. मालकांना ते उभं राहणं खुपतं. म्हणून एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो तो आकडा; 230 अंश, 2.16 किलो), जाळून उरलेल्या राखेचा टक्का आणि रीग्राइंडचा टक्का यांवरून टेन्साइलचा (ओढ सोसायच्या ताकदीचा) अंदाज काढायला घेतला.

62 लॉट, 310 ओळी (डंबेलमागे एक), रँडम फॉरेस्ट मॉडेल, 80-20 विभागणी (80% ओळी शिकवायला, 20% परीक्षेला). सरासरी चूक 1.5 एमपीए (मेगापास्कल, ताकदीचं एकक). पेढे आणायचेच बाकी होते! पुढच्या चार लॉटपैकी दोनांत 9-10 एमपीएनं आपटलं, आणि दोन्ही वेळा वाईट मालाला चांगला म्हणालं. डेटा कमी पडतोय का? एनआयआर (अवरक्त प्रकाशानं तपासणी) सुचवू नका, काळ्या मालातला कार्बन ब्लॅक सगळा प्रकाश गिळतो.

ओळमोजणीस: एमएफआय आणि राख लॉटमागे एकदाच मोजता ना? म्हणजे पाचही ओळींत इनपुट तेच. त्यातल्या चार शिकवायला, एक परीक्षेला. पेपर फुटलाय तुमचा. ओळी 310 नाहीत, 62 आहेत. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतलं ग्रुप-के-फोल्ड घ्या, लॉट नंबर हाच ग्रुप; म्हणजे एक लॉट अख्खा शिकवायला किंवा अख्खा परीक्षेला.

धागाकर्ता: केलं. चूक 6.8 वर गेली. लाज वाटली, पण लाइनवर दिसतंय ते हेच. आता पुढे?

मफलभट्टी: राख ग्लास किती ते सांगते, केवढं लांब ते नाही. दर दळणात तंतू तुटतो, टक्का तीसच राहतो. तंतू फार आखूड झाला की तुटायच्या आधी पीपीतून उपटून येतो, ताकद तिथे जाते. जाळल्यावर क्रूसिबलमध्ये (राख करायच्या वाटीत) बघा: नव्या मालाचं कापसासारखं जाळं राहतं, चारदा दळलेल्याचं पीठ. ते पाण्यात पसरून मायक्रोस्कोपखाली फोटो काढा, तंतूंची लांबी मोजा आणि तो आकडा मॉडेलला द्या. चिमट्यानं ओढू नका, तिथेच तुटतात.

धागाकर्ता: चुकलेल्या दोन्ही लॉटचं क्रूसिबल अजून धुतलेलं नव्हतं. आत्ता बघून आलो. पीठच आहे. जुना माल कितव्यांदा दळलाय याची नोंद आमच्याकडे कुणीच ठेवत नाही. फोटोतून लांबी मोजायला फुकटातलं काय वापरता?

मफलभट्टी: इमेजजे. आधी शंभरेक तंतू हातानं मोजा, मग आपोआपचं बघू.