नुसता स्वर धरून ठेवला की झालं संगीत? नव्या अँबियंट आणि प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक अल्बमांवर चर्चा

खर्ज_पंचम (धागालेखक)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. गेल्या काही वर्षांत अँबियंट (मागे संथपणे चालू राहणारं वातावरणाचं संगीत) म्हणून जे बाहेर पडतंय, त्यातलं बरंचसं ऐकायला केलेलंच नाही, लावून ठेवायला केलंय. सिंथवर (इलेक्ट्रॉनिक वाद्यावर) एक पॅड, म्हणजे लांबलचक मऊ स्वर, धरायचा, त्यावर ढीगभर रिव्हर्ब (घुमारा) ओतायचा, मागे पाऊस सोडायचा, कव्हरवर धुक्यातलं झाड. झाला अल्बम. प्रत्येकाखाली 'शांत, गूढ, ध्यानमग्न' ही तीनच विशेषणं आलटून पालटून.

आता कुणीतरी अँबियंट हे नाव रूढ करणाऱ्या ब्रायन ईनोला मध्ये आणणारच, म्हणून मीच आणतो. १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'सोबतच्या टिपणात त्याचं म्हणणं असं होतं, की या संगीताकडे दुर्लक्ष करता आलं पाहिजे, पण लक्ष दिलं तर ते तितकंच रंजकही निघालं पाहिजे. पुढच्यांनी पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोयीस्करपणे सोडून दिला. त्या रेकॉर्डमध्ये गायिकांचा एकेक स्वर टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या लूपवर फिरतो. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास सव्वीस, तिसरा जवळपास तीस. ते एकमेकांना कधी गाठतील याचा नेम नाही. दुर्लक्ष करण्याजोगं आहे, रिकामं नाही.

ज्यांनी मिरजेचा चांगला तंबोरा जवळून ऐकलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत जवारी (तारेची घुमणारी झणक) साधली, की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार बोलायला लागतो. स्वर एकच आहे, पण आत घडामोड चालू आहे. माझी कसोटी तीच. काली मलोनचा 'ऑल लाइफ लाँग' (२०२४) त्यात उतरतो, कारण मीनटोनमध्ये (एका जुन्या युरोपीय स्वरजुळणीत) लावलेल्या जुन्या चर्च-ऑर्गनवर दोन स्वर एकत्र धरले की त्यांच्या मधल्या जागेत काय चाललंय ते ऐकू येतं. टिम हेकरचा 'नो हायज' (२०२३) तर या गोडमिट्ट कॉर्पोरेट अँबियंटच्या विरोधात उभा असल्याचं जाहीर करूनच आला. त्यातला ताण शेवटपर्यंत सुटत नाही. र्‍युइची साकामोतोचा '१२' (२०२३) आजारपणात डायरीसारखा रेकॉर्ड केलेला. तुकड्यांना नावं म्हणून तारखा आणि पियानोमागे श्वास ऐकू येतोय. बाकी नव्वद टक्के माल मला फर्निचर वाटतो. असहमतांनी या.

अनवट

धागा आवडला, मत अजिबात पटलं नाही. तुम्ही भिंत पाडायला निघालात आणि दारातच थांबलात.

तंबोरा हा आधार आहे, गाणं नाही. मैफलीला जाऊन नुसता तंबोरा ऐकून कुणी घरी येत नाही. मलोनबाईंचा ऑर्गन काय किंवा तुमचे हेकर काय, सगळे तंबोरे लावून बसलेत. गवई कुठे आहे?

आणि जिथे गवई आणायचा प्रयत्न होतो तिथे आणखी पंचाईत. आरुषी जैनचा 'डिलाइट' (२०२४) घ्या. मूळची दिल्लीची, आता अमेरिकेत. मॉड्युलर सिंथ (सुटे भाग केबलींनी जोडून वाजवायचा सिंथ) आणि स्वतःचा आवाज. अल्बम बागेश्रीवर बेतलेला असं सांगितलं जातं. बागेश्री म्हणजे कोमल गंधार आणि कोमल निषाद एवढंच नव्हे हो. मध्यमावर कसं थांबायचं, धैवतावरून मध्यमाकडे कसं यायचं, पंचम किती आणि कुठे दाखवायचा, यात बागेश्री आहे. सिंथचे स्वर टपटप सुटे पडतात. मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) नाही, चलन नाही, नुसती स्वरांची यादी. रागाचं नाव घेतलं नसतं तर माझी काही तक्रार नव्हती.

रात्रपाळी

दोघांनाही एकदम उत्तर देते.

माझ्या कानात कायम एक बारीक शिट्टी वाजते. टिनिटस. शांत खोली ही माझ्यासाठी सगळ्यात गोंगाटाची जागा. मागे हळू आवाजात काहीतरी चालू ठेवा, हे मला कानाच्या डॉक्टरांनीच सांगितलंय. गाणं लावलं तर शब्दांत लक्ष जातं, बडा ख्याल लावला तर समेची वाट बघत बसते. मग उरतं तुमचं ते फर्निचर. मला ते हवंय.

ऐकायला कष्ट पडले तरच ते संगीत, हा शास्त्रीयवाल्यांचा जुना आजार आहे, आणि खर्ज_पंचम यांनाही तो जडलेला दिसतोय, फक्त हेडफोन लावून. लग्नात सनई-चौघडा वाजतो तेव्हा किती लोक तो ऐकतात? अक्षता वाटल्या जातात, कुणीतरी मामाला शोधत असतं, पंगतीची घाई चालू असते. आकाशवाणीवरचं 'मंगल प्रभात' आख्ख्या महाराष्ट्राने दात घासताना ऐकलं. ते संगीत नव्हतं, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? फ्रेंच संगीतकार एरिक सातीने तर १९२० मध्ये पॅरिसला मुद्दाम 'फर्निचर संगीत'च वाजवून घेतलं. लोक गप्प बसून ऐकायला लागले, तर हाच त्यांना सांगत सुटला की अहो बोला, फिरा, ऐकू नका! तेव्हा फर्निचर ही शिवी देताना जरा जपून.

खर्ज_पंचम

रात्रपाळी, सनईचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्या बाजूने जातो. कार्यालयात सनईवाला बसलेला असतो. त्याला पाकीट मिळतं, जेवण मिळतं, आणि कुणी ऐको न ऐको, तो राग सोडत नाही. प्लेलिस्टमधलं अँबियंट कोण वाजवतंय? स्वीडनच्या 'दागेन्स न्यूहेतर' या दैनिकाने २०२४ मध्ये छापलं, की स्टॉकहोममधला एकच संगीतकार साडेसहाशेच्या वर वेगवेगळ्या नावांनी असे तुकडे पुरवतोय आणि ते अब्जावधी वेळा वाजलेत. साडेसहाशे कलाकार, माणूस एक. तुमच्या कानाला आराम मिळतो हे चांगलंच आहे. पण त्या जागेवर ज्यांचं संगीत वाजू शकलं असतं, ते बाहेर उभे आहेत.

उगाच_एक

कार्यालयात सनईवाला? कुठल्या सालातली गोष्ट? आमच्याकडे पेनड्राइव्ह आहे. दोन्ही पक्षांच्या संमतीने.

फेडर_खाली

मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, म्हणून जरा हिशेबाचं बोलतो, कारण वर सगळे सौंदर्यशास्त्रातच अडकलेत.

स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक प्ले धरतात. दोन मिनिटांचा तुकडा पूर्ण वाजला तरी एक, तासाभराचा ड्रोन (धरून ठेवलेला स्वर) पूर्ण ऐकला तरी एकच. आता सांगा, तुम्ही काय कराल? म्हणून तर प्लेलिस्टमधले पॅड दोन-अडीच मिनिटांत संपतात. शांततेचं संगीत म्हणायचं आणि त्यालाच सारखं संपायची घाई! त्यात २०२४ पासून वर्षाला हजार प्ले झाले नाहीत तर त्या ट्रॅकला पैसेच नाहीत. प्रायोगिक संगीतातली निम्मी मंडळी तिथेच गळतात. म्हणून हे लोक बँडकॅम्प या थेट विक्रीच्या साइटवर दिसतात. डिजिटल विक्रीत ते पंधरा टक्के कापतात, बाकी (पेमेंटचा खर्च वजा जाता) कलाकाराला. चाळीस जणांनी अल्बम विकत घेतला तरी त्यातून एखादी केबल येते.

अपवाद आहेत. आंद्रे ३००० ने २०२३ च्या नोव्हेंबरात रॅप सोडून बासरी हातात घेतली. 'न्यू ब्लू सन' सगळा उत्स्फूर्त वाजवलेला. त्यातला पहिला ट्रॅक बारा मिनिटांच्या वर आहे, तरी बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये नव्वदावा आला. पण ते आधीच्या पंचवीस-तीस वर्षांच्या नावाचं व्याज आहे. नवख्याने तेच केलं असतं तर घरच्यांनीही ऐकलं नसतं.

आता अनवट यांच्यासाठी. तुमची खरी तक्रार मींडेची नसावी, गंधाराची असावी. सिंथ कंपनीतून येतो तेव्हा टेम्पर्ड (सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून) लावलेला असतो. त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा चौदा सेंटने (त्या बारापैकी एका भागाचा शंभरावा हिस्सा म्हणजे सेंट) चढा. हार्मोनियमवर आपण शंभर वर्षं याच कारणाने भांडतोय. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागेही ही एक तक्रार होती, आणि ठाण्याच्या विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली ती याचसाठी. पॅड लावून तंबोऱ्यासारखं घर भरल्यासारखं का वाटत नाही, त्याचं अर्धं कारण इथे आहे. मीनटोनमधले गंधार मात्र शुद्ध किंवा शुद्धाच्या अगदी जवळ असतात. खर्ज_पंचम यांना मलोन का आवडली, ते त्यांना स्वतःलाही आता कळलं असेल. मॉड्युलर सिंथवर ही अडचण नाही, हवा तो स्वर हवा तिथे लावता येतो. लावायचा की नाही हा वाजवणाऱ्याचा प्रश्न.

सिंथवाली

मी मॉड्युलर वाजवते (वाजवते म्हणजे घरी, शेजाऱ्यांच्या सहनशीलतेवर), त्यामुळे 'गवई कुठे आहे' हे वाक्य मनाला लागलं.

अनवट, पॅच म्हणजे काय ते सांगते. वीस-तीस केबल इकडून तिकडे खुपसलेल्या. एक केबल काढली की राग बदलत नाही, वाद्यच बदलतं. पूर्ण पॅच जपून ठेवायची सोय नाही. फोटो काढला तरी दुसऱ्या दिवशी तोच आवाज येत नाही, कारण प्रत्येक बटण केसभर इकडेतिकडे झालेलं असतं आणि यंत्र तापलं की सूरही सरकतो. तोशिमारू नाकामुरा तर मिक्सरच्या आउटपुटची वायर त्याच्याच इनपुटमध्ये घालतो, बाहेरचा आवाज शून्य, आणि त्यातून येणाऱ्या शिट्ट्या-गुरगुर सांभाळत वाजवतो. सांभाळत हा शब्द विचारपूर्वक वापरतेय. एक बटण जास्त फिरलं तर स्पीकर बोंब मारतो. तिथे गवई हजर आहे.

आणि उत्स्फूर्त म्हणजे व्याकरणाशिवाय, हा समज काढून टाका. ओरेन अंबार्ची, योहान बेर्थलिंग आणि आंद्रेआस वेर्लीन या तिघांचा 'घोस्टेड' (२०२२), मग 'घोस्टेड टू' (२०२४). बेर्थलिंग बास घेऊन एकच छोटा तुकडा धरतो आणि सोडतच नाही. त्यावर ड्रम्स खेळतात, गिटार तर गिटारसारखी वाजतच नाही, लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून ऑर्गनसारखी भोवती फिरते. हे आपल्याला नवीन आहे का? एकल तबल्याला पेटीवर लेहरा (आवर्तनाला आवर्तन तीच ती धून) धरतात तो काय वेगळा असतो? लेहरेवाल्याला कुणी 'तुझं गाणं कुठाय' असं विचारत नाही.

बागेश्रीबद्दलही बोलते. अण्णासाहेब किर्लोस्करांपासून आपल्या रंगभूमीने रागांचं काय काय केलं! नाट्यपदात राग मिसळले, चाली परप्रांतातून उचलल्या, चार मिनिटांत आटोपलं, आणि आज आपण त्यालाच परंपरा म्हणतो. आरुषी जैनने बागेश्रीतली वाट पाहण्याची भावना घेतली, पकड (रागाची ओळख पटवणारी स्वरावली) घेतली नाही. चालेल की.

अनवट

नाट्यपद गाणाऱ्यांच्या गळ्यावर तालीम होती. त्यांनी राग मोडला तो माहीत असून मोडला. फरक तिथे आहे आणि तो लहान नाही.

लेहऱ्याचा मुद्दा बरा आहे. ऐकून सांगतो.

सिंथवाली

जैननेही लहानपणी शास्त्रीय शिकलंय, पण ते सोडा. 'हे परदेशी खूळ' असं अजून कुणी म्हटलेलं नाही, म्हणायच्या आधीच सांगते. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई त्यात होत्या. मूळच्या पखवाज शिकलेल्या, चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कला प्रायोगिक संगीतकार जॉन केजला भारतीय संगीत शिकवून त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या. त्या टेप कित्येक वर्षं संस्थेतच पडून होत्या. पॉल पर्गस या लंडनच्या कलाकाराने त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' म्हणून त्यातलं निवडक बाहेर आलं. पन्नास वर्षांपूर्वीचं असून माझ्या मते त्या वर्षीचं सगळ्यात ताजं प्रकाशन तेच.

फेडर_खाली

आणि मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची ८०८ आणि ३०३ (ताल आणि बासची यंत्रं) घेऊन राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा विकलं गेलं नाही, २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघालं तेव्हा आपल्याला कळलं. पण ते अँबियंट नव्हे, नाचायचं काम आहे.

अनवट

एनआयडीच्या टेप मी ऐकल्यात. जपायलाच हव्यात, दुमत नाही. जिनराज जोशीपुरांचा 'स्पेस लायनर २००२' तर मजेशीर आहे. पण त्यातलं बरंच काही नवीन यंत्राची बटणं दाबून बघणं आहे. दस्तऐवज म्हणून महत्त्वाचं असणं आणि पुन्हा लावावंसं वाटणं या दोन गोष्टी तुम्ही लोक सारख्या मिसळता. प्रायोगिक संगीताचा सगळा बचाव यावरच चालतो. प्रयोग झाला, नोंद झाली, टाळ्या. प्रयोग फसला असं या जगात कुणी कधी लिहिलेलं दाखवा.

रात्रपाळी

हे मात्र पटलं. प्रत्येक नवीन अल्बमचं परीक्षण वाचलं की वाटतं, या क्षेत्रात कुणालाच कधी सर्दी झालेली नाही.

इलेक्ट्रॉनिकवाला फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवाला फरोआ सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा 'प्रॉमिसेस' (२०२१) माझ्या रात्रीच्या यादीत आहे. शेहेचाळीस मिनिटं तोच इवलासा तुकडा परत परत येतो. पहिले काही दिवस नुसता लावून ठेवत होते. मग एका रात्री सँडर्स सॅक्सोफोन बाजूला ठेवून तोंडाने पुटपुटतो ती जागा आली आणि हातातलं काम थांबलं. हे मला आधी कुणी 'लक्ष देऊन ऐका हं' असं बजावलं असतं तर मी लावलंच नसतं. खर्ज_पंचम, फर्निचर म्हणूनच ते घरात आलं.

खर्ज_पंचम

प्रॉमिसेस माझ्या दहा टक्क्यांत येतो, त्यामुळे हा पुरावा मी मोजत नाही. एखादा साडेसहाशे नावांवाला तुकडा सांगा, ज्याने तुमचं काम थांबलं.

रात्रपाळी

नाव लक्षात राहिलं असतं तर सांगितलं असतं.

उगाच_एक

धागालेखकाला एक गुण द्या आणि चहा सांगा.

अनवट

'घोस्टेड'ची पहिली रचना ऐकली, दोनदा. बासवाला पक्का आहे, लय ढळू देत नाही. ड्रम्सवाल्याला तयारीचा हात आहे, पण समेवर यायची लाज वाटते की काय कळत नाही. गिटारचं जे काही चाललंय ते अर्ध्यावर कमी केलं असतं तर मी तिसऱ्यांदा ऐकलं असतं.

सिंथवाली

गिटार अर्धी केलीत तर उरेल तो लेहरा. म्हणजे पुन्हा 'गवई कुठे आहे' विचारायला तुम्ही मोकळे. दुसरी रचना लावा.