ईएमपी टेबलचा सेल्फ जॉइन: १४ ऐवजी १३ च ओळी का येतात?

प्रश्न

नमस्कार. ओरॅकल या डेटाबेसच्या स्कॉट या सरावाच्या स्किमामधील (टेबलांच्या संचातील) ईएमपी टेबल घेऊन मी सेल्फ जॉइनचा, म्हणजे टेबल स्वतःशीच जोडण्याचा, अभ्यास करीत आहे. या टेबलमध्ये १४ कर्मचारी असून प्रत्येकाच्या ओळीत एमजीआर या कॉलममध्ये त्याच्या वरिष्ठाचा ईएमपीएनओ (कर्मचारी क्रमांक) नोंदवलेला आहे. प्रत्येक कर्मचाऱ्यासमोर वरिष्ठाचे नाव यावे म्हणून पुढील क्वेरी लिहिली:

सिलेक्ट ए.ईनेम, बी.ईनेम फ्रॉम ईएमपी ए जॉइन ईएमपी बी ऑन ए.एमजीआर = बी.ईएमपीएनओ;

उत्तरात १३ ओळी येतात आणि पहिल्या कॉलममध्ये किंग कुठेच नाही. शिवाय एकच टेबल दोनदा लिहिल्यावर डेटाबेस त्याची प्रत तयार करतो का, हेही कृपया सांगावे.

उत्तर १

किंग हा प्रेसिडेंट असल्यामुळे त्याचा एमजीआर नल आहे, म्हणजे तिथे मूल्यच नाही. नलची कोणत्याही मूल्याशी, अगदी दुसऱ्या नलशीही, '=' ने तुलना केली तरी अट खरी ठरत नाही; म्हणून साध्या जॉइनमध्ये ती ओळ गळते. जॉइनच्या जागी लेफ्ट जॉइन (जोडी न मिळाली तरी डाव्या टेबलची प्रत्येक ओळ ठेवणारा जॉइन) लिहा, म्हणजे १४ ओळी येतील आणि किंगसमोर रिकामी जागा दिसेल.

मात्र त्यानंतर वरिष्ठाच्या बाजूची अट व्हेअरमध्ये टाकू नका. समजा, जॉब 'मॅनेजर' असलेल्या वरिष्ठांचीच नावे हवी आहेत. बी.जॉब = 'मॅनेजर' ही अट ऑनमध्ये लिहिली तर १४ ओळी कायम राहून त्यांतील ८ ओळींतच वरिष्ठाचे नाव येते; तीच अट व्हेअरमध्ये लिहिली तर फक्त त्या ८ ओळी उरतात आणि लेफ्ट जॉइन लिहूनही काहीच उपयोग होत नाही.

उत्तर २

वरील उत्तर बरोबर आहे; पण ए आणि बी ही टोपणनावे मला पटत नाहीत. सेल्फ जॉइनमध्ये दोन्ही बाजूंचे कॉलम तेच असल्यामुळे अट उलटी लिहिली गेली तरी एरर येत नाही, फक्त कर्मचारी आणि वरिष्ठ यांची अदलाबदल होते. टोपणनावे 'कर्म' आणि 'वरिष्ठ' अशी ठेवली, तर 'कर्म.एमजीआर = वरिष्ठ.ईएमपीएनओ' ही अट वाक्यासारखी वाचता येते आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. 'कर्म.सॅल > वरिष्ठ.सॅल' (सॅल म्हणजे पगार) ही अट जोडून पाहा: स्कॉट आणि फोर्ड हे दोघेच मिळतील, कारण त्यांचा पगार ३००० आहे आणि त्यांचा वरिष्ठ जोन्स याचा २९७५.

प्रतीबद्दल म्हणाल, तर टेबल एकच राहते. डेटाबेस ते फक्त दोन भूमिकांत वाचतो. ईएमपीएनओवर प्रायमरी की (प्रत्येक ओळ ओळखणारे एकमेव मूल्य) असल्यास वरिष्ठ शोधणे स्वस्त पडते. उलट एखाद्याच्या हाताखालची माणसे वारंवार शोधायची असतील आणि टेबल मोठे असेल, तर एमजीआरवरही इंडेक्स (ओळी झटपट शोधण्याची सूची) असावा. एकाच विभागातील जोड्या काढताना मात्र सांभाळा. नुसती डेप्टनोची (विभाग क्रमांकाची) समानता लिहिली तर ७० ओळी येतात, कारण प्रत्येक जण स्वतःशीही जोडला जातो. दोघांचे ईएमपीएनओ वेगळे हवेत म्हणून '<>' लावल्यास ५६ उरतात, पण प्रत्येक जोडी दोनदा येते. पहिल्याचा ईएमपीएनओ दुसऱ्यापेक्षा लहान हवा, अशी अट घातली की नेमक्या २८ जोड्या मिळतात.

उत्तर ३

एक सेल्फ जॉइन एकच पायरी चढतो, हे लक्षात घ्यावे. स्मिथचा वरिष्ठ फोर्ड, त्याचा जोन्स आणि त्याचा किंग, ही साखळी जॉइनने काढायची तर ईएमपी चार वेळा लिहावे लागेल आणि पायऱ्या वाढल्या की क्वेरी बदलावी लागेल. कितीही पायऱ्यांची साखळी एकाच क्वेरीत काढण्यासाठी ओरॅकलमध्ये 'स्टार्ट विथ एमजीआर इज नल कनेक्ट बाय प्रायर ईएमपीएनओ = एमजीआर' असे लिहितात; पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० आवृत्तीपासून 'विथ रिकर्सिव्ह' वापरता येते.

यातही एक खाच आहे. कोणी नजरचुकीने जोन्सचा वरिष्ठ म्हणून स्मिथची नोंद केली, तर साखळीचे कडे तयार होते. जोन्सपासून सुरुवात केल्यास ओरॅकल लूपची एरर देतो. पण किंगपासून सुरुवात केल्यास त्या कड्यापर्यंत क्वेरी पोहोचतच नाही, आणि जोन्स, स्कॉट, अ‍ॅडम्स, फोर्ड व स्मिथ हे पाचही जण निमूटपणे गळून ९ ओळी येतात. त्यामुळे अशा क्वेरीच्या ओळींची संख्या टेबलच्या एकूण ओळींशी ताडून पाहावी.