हॅस्केल: मजकुरातून निरनिराळे टाइप वाचण्यासाठी एकच फंक्शन पुरेल का?

प्रश्न (लातूर)
नमस्कार. आडत बाजारातील आवक आणि दर यांची रोजची फाइल मी हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत वाचतो. प्रत्येक ओळीत तारीख, शेतमाल, क्विंटलमधील आवक आणि दर असे रकाने अर्धविरामाने वेगळे केलेले असतात. सध्या प्रत्येक टाइपसाठी (म्हणजे संख्या, मजकूर, तारीख अशा प्रत्येक प्रकारासाठी) मी वेगळे फंक्शन लिहिले आहे. मजकुरातून किंमत वाचणारे तयार ‘रीड’ फंक्शन वापरून पाहिले, तर एका रकान्यात ‘4,650’ असा स्वल्पविराम येताच ‘नो पार्स’ (वाचता येत नाही) म्हणत सगळा प्रोग्राम बंद पडला. एकाच नावाचे फंक्शन असावे आणि काय वाचायचे ते टाइपवरून ठरावे, असे करता येईल का?

उत्तर (नांदेड)
येईल; टाइप क्लास हे त्याचेच साधन आहे: एका नावाचे फंक्शन जाहीर करायचे आणि प्रत्येक टाइपसाठी त्याची वेगळी व्याख्या, म्हणजे इन्स्टन्स, लिहायची. फिलिप वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट या संशोधकांनी 1989 मध्ये मांडलेल्या या कल्पनेची खरी गंमत आपल्या प्रश्नातच दिसते. आपल्या फंक्शनला मिळणारी गोष्ट प्रत्येक वेळी स्ट्रिंगच (अक्षरांची मालिका) असते, त्यामुळे कोणता इन्स्टन्स लावायचा हे कंपायलर अपेक्षित उत्तराच्या टाइपवरून ठरवतो. रेकॉर्डच्या (ओळीतील रकाने एकत्र ठेवणाऱ्या रचनेच्या) त्या जागी डबल (दशांश संख्या) हवा असेल, तर डबलचा इन्स्टन्स आपोआप निवडला जातो. मात्र वाचलेली किंमत लगेच ‘शो’ने, म्हणजे किमतीचा मजकूर करणाऱ्या फंक्शनने, छापायला दिली, तर मधला टाइप कुठेच ठरत नाही आणि कंपायलर तो संदिग्ध असल्याचे सांगून अडून बसतो; तिथे टाइप स्पष्ट लिहावा लागतो.

‘रीड’ मात्र या कामाचे नाही. ‘शो’ने हॅस्केलच्या लेखनपद्धतीत लिहिलेले परत वाचणे, हा त्याचा हेतू आहे. म्हणून अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले सोयाबीन त्याला स्ट्रिंग म्हणून वाचता येत नाही, ‘.5’ चालत नाही आणि देवनागरीतील ‘४६५०’ही चालत नाही. उलट इंटमध्ये (मर्यादित आकाराच्या पूर्णांकात) न मावणारी प्रचंड संख्या ते कोणतीही तक्रार न करता भलत्याच संख्येत बदलते, आणि हे मला अधिक धोक्याचे वाटते. ‘रीडमेबी’ने (वाचता न आल्यास रिकामे उत्तर देणाऱ्या फंक्शनने) प्रोग्राम बंद पडणे थांबेल, पण चूक कोणती ते कळणार नाही. स्ट्रिंग घेऊन ‘आयदर’ या दोहोंपैकी एक ठेवणाऱ्या टाइपमध्ये त्रुटी किंवा किंमत देणारे एकच फंक्शन असलेला स्वतःचा क्लास लिहावा.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
वरील उत्तर बरोबर आहे, परंतु एक मर्यादा आधीच लक्षात घ्यावी. एका टाइपसाठी एका क्लासचा एकच इन्स्टन्स असावा, अशी अपेक्षा असते. आवक आणि दर दोन्ही डबल ठेवले, तर स्वल्पविराम काढून टाकण्याचा नियम फक्त दराला लावता येणार नाही. त्यासाठी जुन्या टाइपवरून नवा वेगळा टाइप करणाऱ्या ‘न्यूटाइप’ने क्विंटल आणि दर असे दोन टाइप करावेत. चालताना त्याचा वेगळा भार पडत नाही, शिवाय उद्या कोणी चुकून क्विंटलमध्ये रुपये मिळवू लागला, तर कंपायलरच त्याला थांबवेल. तारखेचे तसे नाही. एका फाइलमध्ये 14/11/2023 आणि दुसरीत 2023-11-14 असे येत असेल, तर क्लासचा हट्ट सोडावा आणि तारखेचा नमुना घेणारे साधे फंक्शन लिहावे. प्रत्येक गोष्ट इन्स्टन्समध्ये कोंबण्याची हौस नंतर महागात पडते.

प्रश्नकर्ता (लातूर)
आभारी आहे. आता दोन शंका उरतात: काही दिवशी दराचा रकाना रिकामा असतो, आणि ओळीतील सर्व चुका मला एकदम दाखवायच्या आहेत.

उत्तर (नांदेड)
‘आयदर’ पहिल्या चुकीलाच थांबतो. सर्व चुका हव्या असतील, तर रकाने चुका साठवत जाणाऱ्या ‘व्हॅलिडेशन’सारख्या टाइपने अ‍ॅप्लिकेटिव्ह पद्धतीने (प्रत्येक रकाना स्वतंत्र वाचून मग निकाल एकत्र करत) जोडावेत, त्यात दोन त्रुटी एकत्र कशा करायच्या ते सेमीग्रुप हा क्लास ठरवतो. ओळीचा क्रमांक इन्स्टन्समध्ये शोधू नये, कारण इन्स्टन्सला फक्त रकान्यातला मजकूर दिसतो. ओळ आणि रकाना कोणता, हे बाहेरच्या फंक्शनला माहीत असते, म्हणून ते त्रुटीला तिथेच जोडावे.

रिकाम्या रकान्यासाठी ‘मेबी’ या, किंमत असेल किंवा नसेल अशा टाइपचा एकच इन्स्टन्स लिहावा: मजकूर रिकामा असेल तर ‘नथिंग’ (किंमत नाही), नाहीतर आतल्या टाइपचे वाचन. तो एकदा लिहिला, की ऐच्छिक दर आणि ऐच्छिक आवक दोन्हींची सोय होते. मात्र ‘46५0’ असे बिघडलेले काही आले, तर त्याचे ‘नथिंग’ होऊ न देता ती त्रुटी म्हणूनच पुढे गेली पाहिजे. अन्यथा ज्या दिवशी दर निघालाच नाही तो दिवस आणि ज्या दिवशी टंकलेखन चुकले तो दिवस, हे दोन्ही आपल्या सरासरीत सारखेच दिसतील.