खेळाच्या पार्श्वसंगीतासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. मालवणात आम्ही काही मित्रमंडळी शनिवारी रात्री टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत आणि फासे टाकत कथा पुढे नेण्याचा खेळ, खेळतो. आमचे कथानक कान्होजी आंग्रे यांच्या हयातीतले, म्हणजे १७२९ पूर्वीचे, विजयदुर्गाच्या परिसरात घडणारे असून, पार्श्वसंगीत निवडण्याचे काम सूत्रधार या नात्याने माझ्याकडे आहे.

अशा खेळांसाठी मिळणारे तयार पाश्चात्त्य वाद्यवृंद लावले, की गलबत वाघोटनच्या खाडीत शिरत असतानाही डोळ्यांपुढे युरोपातले बर्फाळ डोंगर उभे राहतात. शब्द असलेली गाणी तर बादच, कारण खेळाडू संवाद सोडून गुणगुणू लागतात. गूढ प्रसंगांना मारवा हा राग उत्तम चालतो. त्यात पंचम वर्ज्य असतो आणि षड्जावर फारसे थांबत नाहीत, त्यामुळे एक अस्वस्थता टिकून राहते. मात्र तबला सुरू झाला की सर्वांचे कान तिकडे वळतात, म्हणून मी केवळ आलाप वापरतो. (आषाढात वादळाचा प्रसंग कौलांवरचा पाऊसच फुकटात उरकून देतो.)

खरी अडचण लढाईची आहे. दशावतारात युद्धाच्या प्रवेशाला पखवाज आणि झांज जो जोर आणतात, तोच मला हवा आहे. परंतु तिथे वादक नटाच्या पावलांकडे पाहून लय चढवतो, आणि आमच्याकडे फासे टाकून हिशेब करण्यातच एकेक फेरी लांबते, तेव्हा तोच ठेका ऐकून डोके उठते.

पेटी, पखवाज व झांज यांचे संवादांविना केलेले ध्वनिमुद्रण कोठे मिळेल? तसेच संथ आणि चढ्या लयीचे तुकडे खंड न पडता एकमेकांत मिसळण्यासाठी आपण मोबाईलवर कोणते ॲप वापरता?