सासऱ्यांची फौंड्री, दोन भाऊ, आणि पुढचं कुणीच बोलत नाही. सुरुवात कुठून करायची?

फौंड्रीवाली_सून

नमस्कार मंडळी, मी इथं नुसती वाचत असते, आज विचारायची वेळ आली. थोडं लांब होईल.

आमची कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे (लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना), ग्रे आयर्न म्हणजे बिडाचं, पंपाचं आणि ट्रॅक्टरचं काम जास्त. सासऱ्यांनी, आम्ही सगळे अण्णाच म्हणतो, १९८६ ला सुरू केली, त्याआधी ते उद्यमनगरात दुसऱ्याकडे मोल्डर (वाळूचे साचे करणारे) होते. वय आता ७३. मध्यंतरी अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टर म्हणाले फर्नेसजवळ जायचं नाही, तर घरी बसून फोनवर कार्बन किती सिलिकॉन किती विचारत बसले आणि बरं वाटल्याबरोबर परत सकाळी गेटवर हजर. चेकवर सही अजून त्यांचीच.

रचना अशी आहे. फौंड्री पार्टनरशिप फर्म, पार्टनर दोघंच, अण्णा आणि थोरले दीर (दादा). आमचे मिस्टर मेकॅनिकल, चाकणला चांगल्या नोकरीत होते, २०१४ ला अण्णांनीच बोलावून घेतलं की आपलं सोडून लोकाचं कशाला करतोस. त्यांनी मशीन शॉप उभं केलं, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) वगैरे सगळं. ती प्रायव्हेट लिमिटेड, पण शेअर अण्णांचे आणि सासूबाईंचे. मिस्टर डायरेक्टर आहेत, शेअर एकही नाही, महिन्याला पगार. प्लॉट अण्णांच्या स्वतःच्या नावावर. नणंद सांगलीत असते, तिनं आजवर कधी काही मागितलेलं नाही.

अकाउंट्स, जीएसटी, बँक मी बघते त्यामुळं मला आकडे दिसतात आणि तिथंच खरी ठिणगी आहे. फौंड्री मशीन शॉपला जे कास्टिंग (ओतलेला कच्चा पार्ट) देते त्याचा किलोचा रेट अण्णांनी कधीतरी तोंडी ठरवला तोच चालू आहे. दादा म्हणतात आमच्या स्वस्त कास्टिंगवर तुमचा नफा. मिस्टर म्हणतात ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी) टूल लागल्यावर दिसतो, तोवर दोन ऑपरेशन झालेली असतात, पीस फौंड्री वितळवायला परत नेते पण आमचा मशीनिंगचा खर्च कोण देणार. दोघंही खरं बोलतात असं मला वाटतं. जेवायला बसल्यावर यावरून आवाज चढतात आणि अण्णा ताट सारून उठतात.

आता लिमिट रिन्यूअलला बँकेनं मिस्टरांची पर्सनल गॅरंटी घेतली, फौंड्रीच्या सीसीला (कॅश क्रेडिट, धंद्याचं खेळतं कर्ज). म्हणजे पार्टनर नाही, पण बुडालं तर भरायचं. वर दादांचं चाललंय की ताईंकडून (नणंदेकडून) आत्ताच हक्कसोड, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, करून घेऊ म्हणजे पुढं कटकट नको. अण्णांसमोर विषय काढला की "मी काय मेलोय का". आणि मी बोलले तर सुनेनं घर फोडलं. काय करावं?

गोकुळ_शिरगावचा

वहिनी सरळ सांगतो, वाटण्या करा. दादांना फौंड्री, तुमच्या मिस्टरांना मशीन शॉप, प्लॉटच्या मधून भिंत. आमच्या शेजारच्या गाळ्यात तेच केलं, आता सणाला एकमेकांकडं जेवायला तरी जातात. एकत्र राहून रोज भांडण्यापेक्षा बरं की.

सीए_मिरज

वरच्या मित्राची भिंत जरा बाजूला ठेवू, त्यावर कुणीतरी बोलेलच. मी कागदाचं बोलतो कारण ताई तुम्हाला वाटतंय अडचण बोलण्याची आहे, मला त्याआधी एक मोठी अडचण दिसते.

फर्ममध्ये पार्टनर दोनच. त्यातला एक गेला की फर्म संपली. एरवी डीडमध्ये (पार्टनरशिपच्या करारात) "एकाच्या निधनानंतरही फर्म चालू राहील" असं कलम घालता येतं आणि ते चालतं, पण दोघांतला एकच उरला तर त्या कलमाचा उपयोग नाही, एका माणसाची पार्टनरशिप नसते. म्हणजे अण्णांना उद्या काही झालं (देव न करो) तर दादांना प्रोप्रायटर म्हणून नवं जीएसटी, बँकेत सगळं नव्यानं, कस्टमरकडं व्हेंडर कोड बदलून घ्यायचा, आणि हे सगळं तेराव्याच्या आत सुरू करावं लागतं कारण पगार आणि लाईटबिल थांबत नाही. सीसी खात्याचं बँक काय करेल ते मॅनेजरच्या मनावर. तेव्हा वाटणी, टक्के, मान-अपमान सगळं नंतर. आधी मिस्टरांना तिसरा पार्टनर करून घ्या आणि ते कलम डीडमध्ये आहे का बघा. तसंही गॅरंटर आहेतच, जोखीम आहे तर नाव पण असू दे. हा मुद्दा अण्णांना पटेल, कारण यात त्यांना काही सोडायचं नाहीये.

हक्कसोडीचं. अण्णांनी स्वतः कमावलेलं आहे ना? मग ते हयात असेपर्यंत त्यात मुलीचा हक्क नाही, आणि मुलांचाही नाही, हे दादांना कुणीतरी सांगा. जो हक्क अजून आलाच नाही तो सोडायचा कसा? अशा कागदाला उद्या कोर्टात किंमत नसते. आणि मृत्युपत्र न करता गेले तर सासूबाई, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांना सारखा हिस्सा, त्यात अण्णांच्या आई हयात असतील तर त्याही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीचं लोक लगेच बोलायला लागतात पण ती वडिलोपार्जितासाठी, इथं तिचा प्रश्नच नाही, स्वकष्टार्जितात मुलीला १९५६ पासून सारखाच वाटा आहे. ताईंना काही द्यायचं नसेल तर तसं अण्णांनी मृत्युपत्रात लिहावं, तो त्यांचा अधिकार आहे, मुलांचा नाही.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करायची सक्ती नाही पण करा, आणि हार्टचं दुखणं आहे तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत लावा. शेअरला "नॉमिनी लावलाय की" म्हणून निवांत बसू नका, नॉमिनी मालक होत नाही, डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं शेअरबाबत हे स्पष्ट केलंय. अण्णांनी हयातीत मुलाला शेअर गिफ्ट दिले तर मुलाला इन्कम टॅक्स लागत नाही. तुमच्या नावावर केले तरी गिफ्टवर टॅक्स नाही, पण सुनेला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न सासऱ्यांच्याच उत्पन्नात धरतात, तेव्हा त्या भानगडीत पडू नका.

प्लॉटची भिंत: एमआयडीसीचा प्लॉट बहुतेक ९५ वर्षांच्या लीजवर असतो, मालकी महामंडळाची. मधून भिंत घालून दोघांच्या नावावर करणं हे घरच्या घरी होत नाही, परवानगी लागते. आणि प्लॉट अण्णांच्या नावावर, धंदा फर्म आणि कंपनी करते, तर याची नोंद एमआयडीसीकडं आहे का तेही बघून ठेवा.

भोसरी_जुना_माणूस

मी स्वतः अण्णांच्या वयाचा आणि माझंही वर्कशॉप आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो, पोरांना राग येईल.

सही सोडायची म्हणजे काय होतं माहितेय का, फोन यायचे बंद होतात. स्क्रॅपवाला, पिग आयर्नवाला (कच्चं लोखंड देणारा), बँकेचा साहेब, सगळे चार दिवसात नव्या माणसाला फोन लावतात. माणूस पैशाला चिकटलेला नसतो हो, त्या फोनला चिकटलेला असतो. तुमचे अण्णा तर मोल्डर होते, त्यांना वाळू हातात घेतली की ओल कळत असणार. हे ज्ञान मुलांना लागत नाही असं त्यांना वाटायला लागलंय, कारण मुलगा लॅबचा रिपोर्ट बघतो. तेव्हा "तुमच्यानंतर काय" हा प्रश्न विचारूच नका. विचारा की "तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हा पगाराच्या चेकवर सही कुणी करायची होती?" हा प्रश्न मेल्यानंतरचा नाही, झालेल्या गोष्टीचा आहे, त्यावर ते चिडू शकत नाहीत. तिथून एका ठराविक रकमेपर्यंत मुलांची सही सुरू होते, मग रक्कम वाढते. स्क्रॅपची खरेदी आणि नवीन पॅटर्नचं (साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्याचं) डेव्हलपमेंट त्यांच्याकडंच ठेवा, आणि खरंच ठेवा, नावाला नको. त्यांनी होय म्हटलेलं मागून बदललं तर परत कधी विश्वास टाकणार नाहीत.

आणि एक, तुमच्या सासूबाई शेअरहोल्डर आहेत म्हणताय. त्यांना कुणी विचारलंय का?

रेठऱ्याची_लेक

मी त्या नणंदेच्या जागी होते म्हणून लिहिते. मला भावांनी तलाठी ऑफिसला "चल जरा सही करायची आहे" म्हणून नेलं होतं, शेतीचं होतं, वडील गेल्यावर. मी सही केलीही असती हो हसत हसत, पण आधी कुणी घरी येऊन समोर बसून सांगितलं असतं तर. दादांना सांगा ताईंना कागद पाठवण्याआधी ताळेबंद दाखवा. बऱ्याच लेकींना वाटा नको असतो, पण आपल्याला मोजलं की नाही हे कळतं.

कूपर_नगर

@गोकुळ_शिरगावचा मित्रा भिंतीचं विसर. यांच्या मशीन शॉपला कास्टिंग कुठून येतं? फौंड्रीतून. फौंड्रीचा माल कुठं जातो? बराचसा मशीन शॉपला असणार. कस्टमरला आता मशीन केलेला तयार पार्टच हवा असतो, कच्चं कास्टिंग विकणाऱ्याला भाव नाही. वाटणी केली की धाकटा दुसऱ्या फौंड्रीचं कोटेशन मागवणार आणि थोरला दुसऱ्या मशीन शॉपला माल देणार, आणि कस्टमर दोघांना सोडून तिसऱ्याकडं.

बरं वाटणीचा कागद केला म्हणजे भांडण मिटतं असंही नाही. किर्लोस्करांचं बघा. १९१० ला किर्लोस्करवाडी वसवणारं घर. २००९ ला पुढच्या पिढ्यांनी रीतसर कौटुंबिक समझोता केला, कुणी कुणाच्या धंद्यात जायचं नाही हा त्यातला वादाचा मुद्दा. २०१७ ला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनं अहमदाबादची पंप बनवणारी ला-गज्जर कंपनी घेतली, आणि पंप म्हणजे किर्लोस्कर ब्रदर्सचा धंदा. मग वाद की हा समझोता माणसांना लागू का कंपन्यांना पण, कारण कंपन्या म्हणतात आम्ही त्यात पार्टीच नव्हतो. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०२१ ला कोर्टानंच सांगितलं मध्यस्थाकडं जाऊन मिटवा. तेव्हा तुम्ही उद्या काही लिहिणार असाल तर फर्म आणि कंपनी दोघांनाही त्यात घ्या, आणि प्रायव्हेट लिमिटेडच्या शेअरवरची बंधनं (आधी भावाला विचारायचं, मग बाहेर विकायचे वगैरे) आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) घाला, नुसत्या घरच्या कागदावर कंपनीला बांधत नाहीत.

पण वहिनी माझ्या मते तुमचा पहिला कागद मृत्युपत्र पण नाही आणि डीड पण नाही, तो रेटचा आहे. किलोचा भाव तोंडी आहे तोवर कोण कमावतो आणि कोण खातो हे कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही. बाहेरच्या दोन फौंड्रींचं कोटेशन घ्या आणि त्यावर रेट बांधा, पिग आणि स्क्रॅप हलला की दर तिमाहीला बदलायचा. रिजेक्शनचे दोन भाग करा, कास्टिंगचा दोष असेल तर मशीनिंगचा झालेला खर्च फौंड्रीच्या नावे, सेटिंग चुकलं असेल तर मशीन शॉपच्या. बाहेरच्या कस्टमरला आपण डेबिट नोट देतो-घेतो ना, तसंच भावाला. एवढं वर्षभर केलं की टक्के ठरवायला आकडे तरी असतील, नाहीतर अण्णा मनातल्या हिशोबावर वाटणी करतील आणि दोघंही म्हणतील माझ्यावर अन्याय झाला.

गोकुळ_शिरगावचा

बर बाबा भिंत मागं घेतली 😄 पण वर्षभर थांबायला अण्णांची तब्येत विचारून आलास का?

कूपर_नगर

म्हणून तर सीए साहेबांचं पार्टनरचं काम या महिन्यात आणि माझं वर्षभर. दोन्ही एकदम सुरू करता येतात.

फौंड्रीवाली_सून

सगळ्यांना खूप धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल डीड कपाटातून काढलं. अण्णांनी आणि चुलत सासऱ्यांनी केलेलं जुनं, मग ते निघाले आणि दादा आले तेव्हाचं एक पान जोडलेलं, फर्म चालू राहण्याचं कलम कुठंच नाही.

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला सही कर म्हटले मी केली, कंपनीत माझं काही आहे हे कुठं माहीत होतं. मग जरा वेळानं म्हणाल्या, पगाराच्या चेकचं मी विचारते त्यांना, तू राहू दे. आणि रात्री विचारलं पण. अण्णा चिडले नाहीत, फक्त म्हणाले मुनीम काय करतो मग. (मुनीम म्हणजे मी.)

रेटचं दादांना मिस्टर सांगणार आहेत, तिथं मी नाही पडत. सीए साहेब, तिसरा पार्टनर घ्यायचा तर टक्के किती ठेवायचे? यावरच अडेल.

सीए_मिरज

टक्क्यावर अडवू नका. आत्ता नफ्यात थोडा वाटा ठेवून आत घ्या, अण्णांचा मोठा वाटा तसाच राहू दे, दादांचा कमी करू नका म्हणजे ते सही करतील. जे द्यायचं ते अण्णांच्या वाट्यातून. डीडमध्येच लिहा की हे टक्के अमुक तारखेला परत बघायचे. डीड झालं की जीएसटीत १५ दिवसांच्या आत बदल टाका, फर्म रजिस्टर असेल तर रजिस्ट्रारकडं कळवा आणि बँकेला कॉपी द्या. बँकेत जाताना गॅरंटीची प्रत मागून घ्या, सही केल्यापासून तुमच्याकडं ती नसणार याची मला खात्री आहे.