मुंबई-दिल्लीला पॉइंट्स उडवून बिझनेस क्लास घ्यावा का?

भटक्या_ठाणेकर: मंडळी, एअर इंडियाचे बरेच पॉइंट्स (ज्यावर तिकीट काढता येतं ते) पडून आहेत, आईला घेऊन दिल्लीला जायचंय, तिचे गुडघे दुखतात म्हणून बिझनेस बघतोय. पण जेमतेम दोन सव्वादोन तासांसाठी एवढे घालवावे का सिंगापूरसाठी ठेवावे?

खिडकीवाली: आधी विमान कुठलं ते बघ. ए३२०सारखं छोटं विमान असेल तर रुंद खुर्ची, दोन-दोनची रांग, पाय सोडायला जागा, पण सपाट बेड नाही. त्याच रूटवर कधी कधी मोठं विमान लावतात त्यात बेड मिळू शकतो, फक्त ऐनवेळी विमान बदललं की गेलं सगळं. आणि पॉइंट्स वापरले तरी टॅक्स खिशातूनच जातो हां.

हिशोबी_काका: सरळ गणित कर. तिकिटाच्या भाड्यातून तो टॅक्स वजा कर, उरलेल्याला पॉइंट्सनी भाग, मग एका पॉइंटला किती पैसे सुटतात ते कळेल, तेच सिंगापूरचंही काढ. सिंगापूरच्या रात्रीच्या साडेपाच तासांत झोप मिळते, दिल्लीच्या फ्लाइटमध्ये जेवणाचा ट्रे उचलेपर्यंत विमान उतरायला लागतं.

लंडनकर_मावशी: तुमच्याकडे निदान खुर्ची तरी वेगळी! इथे लंडन-पॅरिसला बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचीच सीट, फक्त मधली रिकामी ठेवतात. त्यावर पॉइंट्स घालवणं म्हणजे हौसेला मोल नाही.

भटक्या_ठाणेकर: काका, गणित सिंगापूरकडे झुकतंय, पण आईसाठी दिल्लीचंच घेतो. येताना इकॉनॉमीत पुढची सीट बघेन.

खिडकीवाली: आणि व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेव.